एस्केपनंतरचा एक सेकंद

३ फेब्रुवारी

भाऊजींना,

आशीर्वाद शेवटी. आधी भांडण.

फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तुम्ही "हो वहिनी, बघतो वहिनी" करून मला गुंडाळता आणि माझ्या हाती काही राहत नाही. मालक आणि कामगारांच्या तंट्यांच्या लवादात लोकांच्या साक्षी टिपून घेण्यात माझी एकतीस वर्षं गेली. तोंडी बोलण्याला काय किंमत असते ते मला कुणी शिकवायला नको.

तर तुमचा तो एडिटर, आमचा टाइप करायचा प्रोग्राम. एडिटर तसा जुनाच, तोच काळा पडदा, तीच पांढरी अक्षरं, ज्यावर मी पंधरा वर्षं जगले. पण जानेवारीत तुम्ही तो आमच्या टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या डब्यांमधून उचललात आणि तुमच्याकडच्या मोठ्या मशीनवर नेऊन बसवलात. प्रबंधकसाहेबांनी हार घालायचं तेवढं बाकी ठेवलं. "बाई, तुमच्या दिराने कार्यालयाचं नशीब उजळलं." उजळलं तर उजळलं, पण माझ्या एस्केपच्या बटणाचं काय झालं?

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे, माझ्याच शेजारी स्टूल टाकून तुम्ही टाइप करायला शिकलात. साक्षीदाराचं वाक्य संपलं की एस्केप, म्हणजे लिहिणं थांबलं. मग शंका असेल तर बॅकस्पेस, म्हणजे एकेक अक्षर मागे. एस्केपनंतरचं बॅकस्पेस काही खोडत नाही, नुसतं मागे सरकवतं. हे माझ्या बोटांना इतकं पाठ आहे की मी पडद्याकडे बघतच नाही, साक्षीदाराच्या तोंडाकडे बघते. आणि आता? एस्केप दाबलं की कर्सर ठोंब्यासारखा उभा. एक सेकंद. अख्खा एक सेकंद! तेवढ्यात वकील दोन प्रश्न विचारून मोकळा होतो.

समोरच्या टेबलावरचा लेखनिक, ज्याला आम्ही सुतारपक्षी म्हणतो कारण तो दोनच बोटांनी ठोकत बसतो, त्याला विचारलं. तो म्हणाला, मला तर काही जाणवत नाही. त्याला कसं जाणवेल? त्याचं एक बटण शोधून होईपर्यंत सेकंद उलटून गेलेला असतो.

मला या कार्यालयात मशीनगन म्हणतात. म्हणत होते. आठ दिवसांत दुरुस्त करा.

आशीर्वाद.
वहिनी

९ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

साष्टांग नमस्कार. तुझं पत्र वाचून घरात सगळ्यांना ऐकवलं, इतकं हसलो! "कर्सर ठोंब्यासारखा उभा" हे तर मी आमच्या ऑफिसात फळ्यावर लिहून ठेवणार आहे.

अगं, काही विशेष नाही. तुझी बटणं आता तारेतून दोनशे मैल येतात आणि परत जातात. लाइन थोडी मंद आहे तुमच्याकडची. त्यातून तुझा कीबोर्ड म्हणजे पुराणवस्तू, त्यावरची अर्धी अक्षरं पुसली गेलीयेत. एक नवा मागवून घे. आणि एस्केप दाबल्यावर जरासं थांबत जा ना, एक सेकंदच तर आहे. एवढ्या वर्षांत कधी थांबली नाहीस, आता थांब थोडी. दादा पण हेच म्हणतो.

आनंदाची बातमी म्हणजे प्रबंधकसाहेब आमच्यावर भलतेच खूश आहेत. लवादाच्या बाकीच्या सहा कार्यालयांचं काम आम्हालाच देण्याचं ठरतंय. वीस मार्चला सह्या. तेवढं होईपर्यंत तुमच्याकडून फार तक्रारी वरती जाऊ नयेत एवढंच बघ. काही वाटलं तर मला सांग, साहेबांना नको.

तुझा लाडका

२० फेब्रुवारी

भाऊजींना,

नवा कीबोर्ड आणला. कर्सर अजून ठोंब्याच. तेव्हा ते उंटावरून शेळ्या हाकणं आता पुरे.

आणि "थांबत जा" म्हणे! साक्षीदार थांबतो का? समोर माणूस थरथरत बोलत असतो, नोकरी गेलेली असते, त्याला मी सांगू, अहो जरा दम धरा, माझ्या दिराचं बटण अजून विचार करतंय?

हसण्यावारी न्यायची गोष्ट राहिलेली नाही आता, म्हणून नीट वाचा.

जानेवारीपासून संध्याकाळी लेखी साक्ष तपासताना मला अधूनमधून शब्द गळलेले सापडत होते. वाक्याचा शेवटचा शब्दच नाही. "मी गेटवर उभा" आणि पुढे काही नाही. मी मुकाट्याने भरत होते. कुणाला सांगितलं नाही. वाटलं, बोटं गेली आपली. गेल्या आठवड्यात डॉक्टरकडेही जाऊन आले, तुमच्या दादांनाही न सांगता. त्याने माझी दहाही बोटं एकेक करून वाकवून बघितली आणि म्हणाला, बाई, या बोटांना काही झालेलं नाही, तुम्ही झोप काढा.

परवा एका रखवालदाराची सुनावणी होती. गोदामातून माल गेला, त्या रात्री दार याने उघडून दिलं असा मालकाचा आरोप. मालकाचा वकील उभा राहिला आणि त्याने मागच्या तारखेची लेखी साक्ष वाचून दाखवली: "मी दार उघडलं." रखवालदार ओरडला, मी नाही उघडलं, मी 'नाही' म्हणालो होतो! ध्वनिमुद्रण लावलं. त्यात स्वच्छ ऐकू येतं, "मी दार उघडलं नाही." माझ्या कागदावर "नाही" नाही. गळलेल्या बाकीच्या शब्दांनी वाक्यं लंगडी पडायची म्हणून मला दिसायची. हे वाक्य धडधाकट उभं होतं, मी वाचून पुढे गेले आणि खाली सही ठोकली.

आता रखवालदाराचा वकील म्हणतो, हे मुद्दाम केलंय. मालकाचा वकील म्हणतो, म्हातारपणाचा निष्काळजीपणा. दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत, की चूक बाईंची. प्रबंधकांनी मला लेखी खुलासा मागितलाय. बारा मार्चला चौकशी. ज्या लवादात मी हजारो लोकांचे आरोप टाइप केले तिथे परवा सुतारपक्ष्याने दोन बोटांनी माझ्यावरचा आरोप टाइप केला. चाळीस मिनिटं लागली त्याला. मी समोर बसून होते.

मला एकच विचारायचंय आणि उत्तर एका शब्दात हवंय. तुमचं मशीन शब्द खाऊ शकतं का? हो की नाही?

वहिनी

२६ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र वाचून फार वाईट वाटलं. एवढं सगळं एकटीने सोसलंस, निदान डॉक्टरकडे जाताना दादाला तरी सांगायचंस.

मी सगळं तपासतोय. अशा गोष्टींची हजार कारणं असतात, एका शब्दात उत्तर देणं कठीण असतं. पण तू घाबरू नकोस. चौकशी वगैरे नावापुरती असते. सरळ सांग की कामाचा ताण होता, नजरचुकीने राहून गेलं. एकतीस वर्षांत पहिली चूक, कोण काय करणार? फार तर समज देतील. तू मशीनचा विषय काढलास तर मात्र तांत्रिक समिती बसेल, सगळं लांबत जाईल आणि त्रास तुलाच होईल.

आणि यापुढे असं होणार नाही, ते मी बघतो.

काळजी घे.
तुझा

१३ मार्च

हे पत्र भाऊजींना नाही. भाऊजी म्हणायला लागले ते तुझं लग्न झाल्यावर, सासूबाईंनी दटावलं म्हणून. त्याआधी बारा वर्षांचा असल्यापासून तू माझ्यासाठी "तू"च होतास. आज तसंच लिहिते, कारण अहो-जाहो करत एवढं रागावता येत नाही.

तुझं सव्वीस तारखेचं पत्र मी चारदा वाचलं. लोकांची टाळाटाळ टाइप करण्यात जन्म गेलाय माझा. एका शब्दाचं उत्तर मागितल्यावर माणूस आठ ओळी बोलला की तो काय लपवतोय हे मला वकिलाआधी कळतं. म्हणून मी स्वतःच शोधलं.

शोधलं म्हणजे काय, रागाने शोधलं. एका दुपारी चिडून ठरवलं, जा, आता मीपण सुतारपक्षी. एकेक बटण, मोजूनमापून. तीन तास टाइप केलं. एक शब्द गळला नाही! दुसऱ्या दिवशी पुन्हा माझ्या वेगाने लिहिलं आणि नजर साक्षीदारावरून काढून पडद्यावर ठेवली. एस्केप मारलं, लगेच बॅकस्पेस, आणि मागचा अख्खा शब्द माझ्या डोळ्यांदेखत गडप. हळू दाबलं तर राहतो, भरभर दाबलं तर जातो. म्हणजे कार्यालयात ज्याला काम येतं त्याचेच शब्द मशीन खातं. रविवारी सुतारपक्ष्याला बोलावून दाखवलं. पाचपैकी पाच वेळा. तो म्हणाला, बाई, हे परवा चौकशीत करून दाखवा, संपला विषय.

मी तुझ्या दादांना हे आनंदाने सांगितलं. वाटलं होतं, निदान घरात तरी सांगावं.

काल चौकशी झाली. तीन अधिकारी, प्रबंधक, दोन्ही वकील. मी म्हटलं, मला खुलासा द्यायचा नाही, करून दाखवायचंय. बसले. "मी दार उघडलं नाही" टाइप केलं. एस्केप, बॅकस्पेस. "नाही" जागच्या जागी. पुन्हा केलं. जागच्या जागी. दहा वेळा केलं रे मी! माझ्या कानशिलांवरून घाम ओघळत होता आणि मागे कुणीतरी खुदकन हसलं. प्रबंधक म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चौकशी अधिकाऱ्याने लिहून घेतलं: लेखनिकेने आपली चूक यंत्रावर ढकलण्याचा प्रयत्न केला. कालपासून मी निलंबित आहे.

आणि सगळ्यात मोठी गंमत ऐक. दहाही वेळा कर्सर जराही थांबला नाही. एस्केप दाबलं की लख्खकन हलत होता, अगदी पूर्वीसारखा.

सुतारपक्षी हळू असेल, पण बेअक्कल नाही. तुझ्या मशीनवरची सेटिंगची फाइल बघायची परवानगी आहे त्याला. शेवटचा बदल अकरा मार्च, संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटं. बदल करणारा तू.

दादांना विचारलं. म्हणाले, "मी फक्त फोनवर त्याला सांगितलं की तू उद्या सगळ्यांसमोर दाखवणार आहेस. वाटलं, त्याला बरं वाटेल."

बरं वाटलं का तुला?

वहिनी

१५ मार्च

वहिनी,

शिव्या दे, मला काही म्हणायचं नाही. पण एकदा माझी बाजूही ऐकून घे.

काय झालं ते सांगतो. बाणाची बटणं असतात ना, ती मशीनला पाठवताना आधी एस्केपचीच खूण जाते आणि मग तिच्या पाठोपाठ आणखी एकदोन अक्षरं. म्हणून एस्केप आलं की एडिटर जरा थांबतो, मागून आणखी काही येतंय का ते बघतो. एरवी हे थांबणं डोळ्याची पापणी लवण्याइतकंही नसतं. पण तुमची लाइन मंद. पहिल्याच आठवड्यात प्रबंधकांनी फोन केला, की त्यांनी बाण दाबला की पडद्यावर भलतीच अक्षरं उमटतात. करार व्हायचा होता, मी घाईत होतो. मी थांबण्याचा वेळ वाढवून एक सेकंद केला. त्यांचे बाण चालू झाले, ते खूश झाले. त्यांनाच आणखी एक सोय हवी होती, एका दणक्यात अख्खा शब्द खोडायची. तिची खूणही एस्केप आणि पाठोपाठ बॅकस्पेस. त्या एका सेकंदात तुझं बॅकस्पेस आलं की एडिटरला वाटायचं, तुला शब्द खोडायचाय.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच मला कारण कळलं होतं. शब्द खाल्ला जातो हे मात्र तेव्हा डोक्यात आलं नव्हतं, शपथेवर सांगतो. ते विसाव्या तारखेच्या पत्राने कळलं. त्यानंतर रोज ठरवायचो, उद्या सांगू. अकरा तारखेला दादाचा फोन आला आणि मी तडक मशीन उघडून बसलो. मला वाटलं, निदान आता दुरुस्त तरी करून टाकावं, पुढे कुणाचं नुकसान नको.

आता हात जोडून विनंती आहे. वीस तारखेला सह्या आहेत. पाच दिवस. माझ्याकडे नऊ माणसं कामाला आहेत, त्यांची घरं या करारावर आहेत. एकदा सह्या झाल्या की मी स्वतः प्रबंधकांना समजावून सांगेन, तुझं निलंबन मागे घ्यायला लावेन. तसंही तुझी दोनच वर्षं राहिली होती निवृत्तीला. फार काही बिघडत नाही गं, जरा शांत डोक्याने विचार कर.

तुझा

१७ मार्च

दोन वर्षं राहिली होती म्हणून फार काही बिघडत नाही! हे वाक्य लिहिताना तुला लाज वाटली नाही? की तेवढ्यापुरतं तुझंही एखादं बटण अडकलं होतं?

"पुढे कुणाचं नुकसान नको म्हणून दुरुस्त केलं." चोराच्या उलट्या बोंबा! वीस फेब्रुवारीला कळलं, आणि दुरुस्ती केली अकरा मार्चला, मी दाखवणार आहे हे कळल्यावर तासाभरात. मधले एकोणीस दिवस कुणाचं नुकसान चालत होतं? तू मशीन दुरुस्त केलं नाहीस. तू माझा एकुलता एक साक्षीदार पुसलास.

काल टेबलातलं सामान आणायला कार्यालयात गेले होते. पट्टेवाला सोबत, मी काही चोरून नेऊ नये म्हणून. तिथल्या खुर्च्या, तिथली कपाटं मला ओळखतात आणि हा माझ्या पर्समध्ये डोकावतोय. जिन्यात तो रखवालदार भेटला. मला वाटलं, आता हा चार शब्द सुनावणार. त्याने सुनावलं नाही. तो म्हणाला, "बाई, तुम्ही समोर होतात. मी 'नाही' म्हणालो होतो ना?" ध्वनिमुद्रणावर आता मालकाच्या वकिलाने हरकत घेतली आहे, ते तपासायला पाठवलंय, निकाल लांबलाय. तो चार महिने घरी बसलाय. त्या माणसाला स्वतःच्या तोंडून निघालेल्या शब्दाची शंका यायला लागलीय, आणि तो मला विचारतोय, जिला स्वतःच्या बोटांची शंका आली होती.

मी म्हटलं, हो, म्हणाला होतात. त्याने मान हलवली आणि खाली उतरून गेला.

नऊ माणसांची घरं मला सांगू नकोस. माझ्यासमोर रोज नऊ माणसं घर जातं म्हणून रडायची, मी ती टाइप करायची.

काय करायचं ते ऐक. जसं बिघडलेलं होतं तसं पुन्हा बिघडव. तोच एक सेकंद, तीच शब्द खोडायची सोय. आणि त्या तीन अधिकाऱ्यांसमोर स्वतः उभं राहून सांग की हे मी केलं होतं, मी लपवलं. मी तुझं नाव घेणार नाही. फाइलवरची तारीखही कुणाला दाखवणार नाही आणि सुतारपक्ष्यालाही गप्प राहायला सांगितलंय. मी सांगितलं तर ती माझी सुटका होईल. तू सांगितलंस तर ती साक्ष होईल.

नाही जमलं तर तसं कळव. मग मी नोकरी आवरते आणि तू या घराशी असलेलं नातं आवर.

वहिनी

१९ मार्च

मा. प्रबंधक यांस,

आपल्या कार्यालयातील एडिटरमध्ये मी जानेवारीत एस्केप बटणानंतरचा थांबण्याचा वेळ वाढवून एक सेकंद केला. त्यामुळे भरभर टाइप करणाऱ्याचा वाक्याच्या शेवटचा शब्द खोडला जात होता. रखवालदाराच्या साक्षीतील "नाही" हा शब्द याच कारणाने गेला असण्याची दाट शक्यता आहे.

हे मला २० फेब्रुवारीच्या पत्रानंतर समजले. मी कुणाला सांगितले नाही. ११ मार्चला संध्याकाळी मी तो बदल गुपचूप काढला, त्यामुळे १२ मार्चच्या चौकशीत लेखनिकाबाईंना दोष दाखवता आला नाही. त्या खरे बोलत होत्या.

मी म्हणाल त्या दिवशी येऊन जुनी स्थिती परत करून दाखवीन. उद्याच्या कराराबाबत आपण योग्य तो निर्णय घ्यावा.

(वहिनी, ही तुला प्रत. मूळ पत्र आज सकाळी स्वतः येऊन साहेबांच्या कार्यालयात दिलं.)

६ एप्रिल

भाऊजींना,

पुन्हा भाऊजी म्हणतेय यावरून राग गेला असं समजू नका.

अठ्ठावीस तारखेला तुम्ही सगळ्यांसमोर उभे राहिलात, तो सेकंद परत घातलात. मी बसले आणि "नाही" गेलं. एकदा, दोनदा, सहादा. मग प्रबंधकांनी स्वतः करून बघितलं, एका बोटाने. त्यांच्या हातून काही गेलं नाही तेव्हा अधिकारी त्यांना म्हणाले, साहेब, तुम्ही जरा बाईंच्या वेगाने करा. कुणी हसलं नाही. वीस तारखेच्या सह्या साहेबांनी आधीच पुढे ढकलल्या होत्या, आता तुमचा करारच गेला हे मला तिथेच कळलं. तुम्ही जेवायलाही घरी न येता परस्पर बस पकडलीत. दादा दारात उभे होते, मी नव्हते. तुम्ही खरं बोललात म्हणून मी ओवाळायला येईन अशी अपेक्षा असेल तर ती सोडा. खरं बोलायला तुम्हाला एक महिना लागला.

रखवालदाराची साक्ष दुरुस्त झाली. तो कामावर गेला. माझं निलंबन रद्द, परवा फाइल कोरी करून हातात दिली, वर "सचोटीची सेवा" असं लिहून. सुतारपक्ष्याने चहा पाजला.

इथे थांबता आलं असतं. पण माझं डोकं थांबेना. दहा जानेवारी ते अकरा मार्च, या दोन महिन्यांत मी एकशे चौदा साक्षी टिपल्या. लंगडी वाक्यं मी भरली. धडधाकट उभी राहिलेली किती होती? मी सगळी ध्वनिमुद्रणं मागून घेतली आणि कागद समोर ठेवून ऐकायला बसले.

काल एकविसावी ऐकली. क्रेन चालवणारा एक माणूस. काम थांबवायचा निरोप येऊनही क्रेन चालू ठेवली, खालचा माणूस जखमी झाला, असा आरोप होता. ध्वनिमुद्रणात तो म्हणतो, "मला निरोप मिळाला नाही." माझ्या कागदावर "मला निरोप मिळाला." त्याचा निकाल दोन मार्चला लागलाय. निकालपत्रात हे वाक्य जसंच्या तसं उतरवलंय, त्याने स्वतःच कबूल केलं म्हणून. त्याला काढून टाकलं. त्याने अपील केलं नाही. कागदाखाली माझी सही.

मी ध्वनिमुद्रण चार वेळा ऐकलं. मग हेडफोन काढून खुर्चीत बसले आणि काय वाटलं ते तुम्हालाच सांगते, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. वाटलं, फाइल परवाच कोरी झालीय. प्रकरण निकाली निघालंय. कुणी विचारलेलं नाही. दोन वर्षं राहिलीत. तुमचंच वाक्य, भाऊजी, माझ्या डोक्यात माझ्याच आवाजात आलं. चहा गार होईपर्यंत मी त्या विचारासोबत बसले होते. स्वतःची एवढी चीड मला आयुष्यात आली नव्हती.

आज सकाळी प्रबंधकांच्या टेबलावर अर्ज ठेवला. ते म्हणाले, बाई, कशाला उकरताय, आत्ताच सुटलात. मी म्हटलं, शिक्का मारून पोच द्या.

उरलेल्या त्र्याण्णव साक्षी मी ऐकतेच आहे. त्याआधी मात्र एक काम आहे. त्या क्रेनवाल्याला कार्यालयाचं पत्र जाईल तेव्हा जाईल, त्यांच्या पत्रात "तांत्रिक कारणास्तव" असं असेल. त्याच्या घरचा पत्ता मी काढलाय. मंगळवारी जाणार आहे. सकाळच्या बसने या, स्टँडवर मी थांबते. सोबत जाऊ.

दाराची कडी मी वाजवीन. बोलायचं तुम्ही.

वहिनी